सुलभाची बेटं

पेडण्याच्या बसस्टँडवर मी सुलभाची वाट पाहत उभा होतो, तेव्हा पुंडलिकाचा फोन आला. सुलभा म्हणजे माझी बायको. त्या दुपारी ती जुव्यावरून परत यायची होती. जुवें म्हणजे आमच्याकडे नदीतलं बेट. तेरेखोल नदीचं पात्र जिथं रुंदावत जातं तिथं केगदीजुवें नावाचं एक लहानसं बेट आहे. मोजकी घरं, एक देऊळ, माडांच्या रांगा आणि काठाला केगदीची, म्हणजे केवड्याची बनं. पुंडलिक तिथला होडीवाला. एरवी तो फोनवर ओरडून बोलतो, कारण त्याच्या मागे कायम वारा असतो. त्या दिवशी मात्र तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी हंय येवा. बायेक बरां नाय." तो 'बेगीन येवा' म्हणाला नाही... लवकर या, असं म्हणाला नाही. तिथंच मला काय ते कळलं. माझ्या हातात पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले गरम उंडे पाव होते. ते मी कुणाला दिले, की तिथल्या बाकावरच ठेवले, आज काही केल्या आठवत नाही.

मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून मी नदीकाठी पोहोचलो. पुंडलिक होडी लावून उभा होता. काय झालं ते जुव्यावर पोहोचल्यावर कळलं. तिथल्या सौर दिव्यांच्या बॅटऱ्यांच्या खोलीतून सुलभा दुपारी बाहेर आली होती, माझ्या चंपाआत्येच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत खांबाला टेकल्याटेकल्याच गेली होती. इतकंच. जुव्यावरच्या बायकांनी तिला सोप्यावर नीट निजवलं होतं. तिच्या हाताच्या बोटांना ग्रीसचे काळे डाग होते आणि कुणीतरी ते ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न करत होतं. मी म्हटलं, राहू द्या. आजवर ती कितीतरी वेळा त्या होडीतून माझ्याकडे आली होती. त्या संध्याकाळी तिला घेऊन मी आलो. पाण्याला भरती होती, होडी सावकाश चालली होती, आणि मला एकच वाटत होतं की पलीकडचा काठ येऊच नये.

सुलभा सुर्ल्याची. तिचे वडील सावंतवाडीकडून तिथल्या लोहखनिजाच्या खाणीवर आले आणि ट्रक चालवू लागले. खाणीतला माल बार्जपर्यंत पोहोचवणाऱ्या ट्रकांच्या रांगेत तिचं लहानपण गेलं. ती सांगायची, आमच्या घरी पांढरं काही नव्हतंच. भात सोडून सगळं तांबडं. तिची आई दिवसभर पुसत असायची. भांडी, जनेलं म्हणजे खिडक्या, देव, पोरांची तोंडं... आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा तांबडं व्हायचं. वडिलांचा खोकला हे त्यांच्या घराचं घड्याळ होतं. तो ऐकून मुलं उठायची. "बाबा कामावर गेले की घर एकदम गप्प व्हायचं," ती म्हणायची, "आणि मग ते शेवटचे गेले, तेव्हा तसंच गप्प झालं." विजेची पदविका घेऊन ती त्याच खाणीच्या कारखान्यात लागली. माल फोडायच्या यंत्रांच्या मोटारी सांभाळायच्या, जळाल्या तर उघडायच्या. बाईमाणूस स्पॅनर घेऊन मोटारीवर चढते हे बघायला पहिल्या दिवसांत लोक जमत, असं ती हसत सांगायची.

मी पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. स्थळ नात्यातून आलं. बघायला गेलो तेव्हा तिनं चहा दिला, समोर बसली आणि मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "तुमच्या घरात पंखा का आवाज करतो?" मी चकित झालो. तिचे काका आमच्याकडे येऊन गेले होते, त्यांनी घरी जाऊन पंख्याचं वर्णन केलं होतं म्हणे. मी म्हटलं, "जुना आहे." ती म्हणाली, "जुना असला म्हणून काय झालं? बेअरिंग बदललं की गप्प बसेल." लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो गप्प बसला. आईला मात्र झोप येईना, कारण तिला त्या आवाजाची सवय होती.

जुव्यावर ती पहिल्यांदा गेली ती नवी सून म्हणून, माझ्या चंपाआत्येकडे जेवायला. आत्ये लग्न होऊन जुव्यावर गेली आणि लवकर विधवा झाली. पण जुवें तिनं सोडलं नाही. काठावरून तिथं वीज न्यायची खटपट पूर्वी होऊन गेली होती. पाण्यातून टाकलेली केबल टिकली नाही, त्यानंतर गावानं डिझेलचा जनरेटर घेतला होता. दिवेलागणीला तो सुरू व्हायचा आणि जेवणं उरकेपर्यंत चालायचा. डिझेलची पिंपं होडीतून यायची. आम्ही पानावर बसलो होतो. तिसवळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सोलकढी, आत्येचा आग्रह... आणि एकदम अंधार. बाहेरचा धडधडाट थांबला. आत्ये अगदी सहज म्हणाली, "सरलां डिझेल. आता पावस उणो जायसर असांच." पाऊस उणावेपर्यंत असंच, कारण पावसाळ्यात नदी चढली की जड पिंपं आणता येत नसत, आणि मग सगळं बेट अंधारात बसे. सुलभानं कंदिलाच्या उजेडात जेवण संपवलं. हात धुवायला विहिरीवर गेली, ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि तशीच उभी राहिली. पाण्याला डिझेलचा वास होता. जनरेटर विहिरीच्या वरच्या अंगाला होता, आणि सांडलेलं तेल मुरत मुरत खाली येत होतं. "आत्ये, हे तुम्ही पिता?" तिनं विचारलं. आत्ये म्हणाली, "सवय जाता गो." म्हणजे, सवय होते.

परतताना होडीत ती एवढंच म्हणाली, "माझी आई पण असंच म्हणायची."

खाणीतली नोकरी सांभाळून ती सुटीच्या दिवशी जुव्यावर जाऊ लागली. कॉलेजातल्या मैत्रिणींना, ओळखीच्या कारखानदारांना गाठून तिनं सौर पॅनेल मिळवली, ती देवळाच्या छपरावर बसवली आणि प्रत्येक घरात एक दिवा लावला. हिवाळाभर तो प्रयोग झकास चालला. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मग आषाढ लागला. सूर्य दिसेना, बॅटऱ्या बसल्या, आणि एका वावटळीत दोन पॅनेल उडून नदीत गेली. दिव्यांवर विसंबून गावानं त्या वर्षी डिझेलही पुरेसं भरून ठेवलं नव्हतं. त्यामुळे अंधार आधीपेक्षा जास्त झाला. देवळात बैठक बसली. कुणी वाईट बोललं नाही, पण आत्येनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाय, तुजो सूर्य पावसात खंय वता गो?" लोक हसले. आत्येचा स्वभावच तसा, तिच्या मनात काही नव्हतं. पण सुलभा तो प्रश्न घेऊनच घरी आली. पुढे कित्येक दिवस स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ती मधेच थांबायची आणि स्वतःशीच म्हणायची, "खंय वता... कुठं जातो... बरोबर विचारलं तिनं."

पुढे खाणी बंद झाल्या. सुर्ल्यात ट्रक जिथल्या तिथं उभे राहिले आणि सुलभाची नोकरी गेली. मला वाटलं, आता ती एखाद्या तंत्रशाळेत शिकवायला लागेल. तिनं वेगळंच ठरवलं होतं. "मी एक पावसाळा जुव्यावर राहणार आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यातल्या माणसांसाठी मी दिवे लावले. पावसातली माणसं मी पाहिलीच नाहीत." मी विचारलं, "आणि मी?" ती थोडी हसली. "तुम्ही रविवारी काठावर या. मी पलीकडे उभी राहीन."

आणि ती खरोखरच उभी राहायची. मी पेडण्याहून बसनं जायचो, छत्री घेऊन काठावर थांबायचो. मधे गढूळ, फुगलेली नदी. होडी घालायची सोय नाही, तिकडे फोन चार्ज करायला वीज नाही. पलीकडच्या माडांखाली तिची निळी छत्री दिसायची. आम्ही ओरडून बोलायचो. 'अहो' ही हाक नदी ओलांडेना, म्हणून ती सगळ्या गावासारखीच "मास्तर!" अशी हाक मारायची. "जेवलात?" मी ओरडायचो, "काय?" "जेवलात का?" "जेवलो! तू?" पुढचं वाऱ्यात विरून जायचं. कधी ती खूप वेळ काहीतरी सांगत राहायची, हातवारे करायची, आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मी नुसता मान हलवायचो. मग तीही थांबायची, आणि आम्ही तसेच आपापल्या काठावर उभे राहायचो, बस चुकेपर्यंत... लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्याकडे एवढा वेळ एकटक मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात ती काय शिकली ते तिनं नंतर सांगितलं. पावसात पंखे लागत नाहीत, पंपही फारसा लागत नाही. लागतात ते दिवे, फोन, आणि औषधं नि मासळी ठेवायला थंड पेटी. ढगाळ आभाळातूनही थोडी वीज येतेच. ती कुणी, कधी, कशासाठी वापरायची एवढंच ठरवावं लागतं. आणि हे ठरवणं तिनं स्वतःकडे न ठेवता जुव्यावरच्या बायकांकडे दिलं. त्यावरून खूप भांडणं झाली. कुणाला टीव्ही हवा, कुणाला मिक्सर, कुणाच्या घरी पाहुणे. सुलभा त्या भांडणांत बसून राहायची, न्यायनिवाडा करायची नाही. "भांडू दे," ती म्हणायची, "भांडण मिटेल तेव्हा यंत्रणा त्यांची होईल." पुढच्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या मदतीनं नवी पॅनेल आली. या वेळी ती छपरावर चढवली नाहीत. चिऱ्यांचे चौथरे बांधून जमिनीलगत पक्की बसवली. बॅटऱ्यांसाठी खारं वारं लागणार नाही अशी खोली उभी राहिली. जनरेटर विहिरीपासून लांब नेऊन झाकून ठेवला. "विकायचा नाही," तिनं बजावलं. "पाऊस काय करील ते आपल्या हातात नाही."

तो झाकल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी मी जुव्यावर होतो. दिवे लागले आणि कसलाच आवाज झाला नाही. देवळातली घंटा, कुणाच्या तरी घरातलं फोडणीचं चुरचुरणं, नदीचं पाणी काठाला लागल्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. आत्ये सोप्यावर बेचैन होऊन बसली होती. "इतक्या शांततेत माका न्हीद कशी येतली?" सुलभा खळखळून हसली. "मास्तरांच्या आईचं असंच झालं होतं," ती म्हणाली आणि तिला पंख्याची गोष्ट सांगत बसली.

मग एका मे महिन्यात किनाऱ्याला वादळ लागलं. झाडं पडली, खांब वाकले, पेडण्यापासून मांद्र्यापर्यंत सगळीकडे वीज गेली आणि ती काही दिवस आलीच नाही. मांद्र्याची गेस्टहाउसं अंधारात, गावं अंधारात. सुलभा तेव्हा आमच्याकडे पेडण्याला होती. रस्ता मोकळा झाल्याबरोबर ती निघाली, मीही निघालो. सगळं वाहून गेलं असेल याच भीतीनं तिनं वाटभर माझा हात धरला होता. नदीकाठी आलो तर धक्क्यावर गर्दी. अलीकडच्या वाड्यांतून लोक होड्यांसाठी खोळंबले होते, पलीकडच्या सिंधुदुर्गाच्या काठावरही तशीच गर्दी दिसत होती. कुणाच्या हातात बंद पडलेले फोन, कुणाच्या हातात बर्फ वितळलेल्या डब्यात इन्शुलिनच्या बाटल्या. सगळ्यांना जुव्यावर जायचं होतं. तिथं पॅनेल जागेवर होती. तिथं थंड पेटी चालू होती. आत्येच्या सोप्यावर अनोळखी माणसं पेज पीत बसली होती आणि आत्ये कुणाची बाटली कुठल्या खणात ते ओरडून सांगत होती. सुलभाला पाहताच ती म्हणाली, "बाय, आयलंस? पयलां जेव." सुलभा जेवली नाही. केवड्याच्या बनामागे जाऊन ती रडली. मी शेजारी उभा होतो. "सगळी आहेत हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एकही उडालं नाही."

त्या वादळानंतर तिला दुसरीकडची बोलावणी येऊ लागली. सुंदरबनातली बेटं, लक्षद्वीपातली बेटं. जिथं जिथं डिझेल बोटीनं येतं आणि बोट आली नाही की अंधार होतो, अशा जागा. ती महिनोन्‌महिने जायची. एकटं राहायची सवय मला पहिल्या पावसाळ्यात लागली होती असं मी लोकांना सांगायचो, पण अशी सवय काही लागत नाही. फोन यायचा तेव्हा ती तिथल्या वाऱ्याबद्दल, पाण्याबद्दल, माणसांबद्दल बोलायची आणि शेवटी हमखास विचारायची, "तिकडे ऊन आहे?" मी जनेलातून बघून सांगायचो. निवृत्त झाल्यावर एकदा तिच्याबरोबर लक्षद्वीपला गेलो. तिथल्या एका लहानशा बेटावर तिचं काम पुरं होत आलं होतं. संध्याकाळी सगळं गाव शाळेपुढे जमलं. भाषणं झाली, त्यातलं मला काही कळलं नाही. मग दिवे लागले, टाळ्या झाल्या, पोरं नाचू लागली, आणि जिच्यासाठी टाळ्या वाजत होत्या ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. लोकांच्या ते लक्षात आलं, तशा टाळ्या हळूहळू थांबल्या. कुणीतरी तोंडावर बोट ठेवून मुलांना गप्प केलं. एवढं मोठं गाव तिची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत घरी गेलं. मी किती वेळ तसाच बसलो होतो... खांदा अवघडला होता, पण हलावंसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला हृदय जपायला सांगितलं. तिनं लांबचे प्रवास थांबवले. फक्त जुव्यावरच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, त्या बदलायचं काम तिनं सोडलं नाही. "जुन्या बॅटऱ्या एकूण एक परत आणायच्या," ती म्हणायची. "तिथल्या मातीत काही मुरता कामा नये." शेवटच्या खेपेला निघताना तिनं पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावला आणि म्हणाली, "हे झालं की मी मोकळी. मग तुम्ही म्हणाल तिथं जाऊ. डोंगरात जाऊ. पाणी नको आता." मी म्हटलं, "तुला डोंगरात करमेल?" ती म्हणाली, "तुम्ही असाल ना." आणि गेली.

चंपाआत्ये थकली आहे, तिला आता नीट दिसत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर मी सुलभाचे कपडे आणायला जुव्यावर गेलो तेव्हा तिनं माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "काम अर्धां आसा. तां जायसर रव." ते पुरं होईपर्यंत मी राहिलो. तिथल्या बायका, पुंडलिकाची बायको त्यांत पुढे, उरलेल्या बॅटऱ्या जोडत होत्या. एकमेकींना सुलभाच्याच शब्दांत दटावत होत्या, हातमोजे घाल, घाई करू नको. मला त्यातलं काही कळत नाही. मी त्यांना पाणी नेऊन देत होतो. काम झालं, जुन्या बॅटऱ्या होडीत चढल्या आणि त्यांच्याबरोबर मीही या काठावर आलो. तिनं सांगितल्याप्रमाणे तिथं एकही उरली नाही.

आता घरी आहे. आमच्या घराला साधी तारेची वीज आहे, सतत असते. तरी बेटांवर राहून सुलभाला एक खोड जडली होती. आभाळात ढग आला की स्वयंपाकघरात असेल तिथून हात लांबवून ती मिक्सर नाहीतर पुढच्या खोलीतला पंखा बंद करायची, त्याचं बटण स्वयंपाकघरातच आहे. वर बघायचीही नाही. खोलीतला उजेड जरा उणा झाला की हात आपोआप बटणाकडे जायचा. मी चेष्टा करायचो, "अगं, हे जुवें नव्हे." ती म्हणायची, "हाताला काय ठाऊक?" आणि ढग सरला की पुन्हा सुरू करायची. काल दुपारी मी पुढच्या खोलीत वाचत बसलो होतो. डोक्यावर पंखा फिरत होता. ढग आला, पानावरची अक्षरं काळवंडली, आणि मी वाचायचा थांबलो. आतून बटणाचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसलो... पंखा फिरतच राहिला. मग मी उठलो, आत गेलो, आणि बटण बंद केलं. ढग सरेपर्यंत तिथंच, तिच्या जागेवर, भिंतीवर हात ठेवून उभा राहिलो.